प्रतिज्ञा आधी : मराठी वैचारिक गद्य आणि भूमिका घेण्याची भीती

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण मुलीनं मला जिन्यात गाठलं. ती वैचारिक लेख लिहिते, आणि बरं लिहिते. म्हणाली, "सर, माझे लेख लोक वाचतात, छान झालाय म्हणतात, आणि मग विचारतात, पण तुला म्हणायचंय काय?" मी त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. घरी आल्यावर लक्षात आलं की तिच्या लेखांना जे झालंय तेच माझ्या उत्तरालाही झालं होतं. म्हणून आजचा विषय हा.

सुरुवात आपल्याकडच्या पुस्तक-परीक्षणांपासून करतो, कारण रोग तिथे उघड्यावर दिसतो. पहिल्या परिच्छेदात लेखकाचा परिचय. मग पुस्तकाचा आशय, म्हणजे अनुक्रमणिकाच वाक्यांत लिहून काढलेली. मग भाषा ओघवती आहे. काही ठिकाणी मुद्रणदोष राहून गेले आहेत, ते पुढील आवृत्तीत दूर होतील अशी अपेक्षा. मुखपृष्ठ समर्पक. एकंदरीत पुस्तक संग्राह्य. (हशा) हसू नका, मीही अशी पंधरावीस लिहिली आहेत. या सगळ्यात खोटं असं एकही वाक्य नसतं. पण पुस्तकात लेखकानं जे म्हटलंय ते बरोबर आहे की चूक, हे परीक्षण वाचून कळत नाही, आणि परीक्षण त्यासाठीच तर लिहायचं असतं ना? प्रस्तावनांचं तेच. अपवाद आहेत, नाही असं नाही. नरहर कुरुंदकरांनी 'श्रीमान योगी'साठी रणजित देसाईंना लिहिलेलं पत्र प्रस्तावना म्हणून छापलं गेलं. त्यात कुरुंदकर कादंबरीकाराच्या पाठीवर थाप मारून बाजूला होत नाहीत, शिवाजी महाराजांविषयीची स्वतःची मांडणी समोर ठेवतात. लोक आजही कादंबरीबद्दल बोलताना त्या प्रस्तावनेबद्दल वेगळं बोलतात, ते त्यामुळे.

आता ही टाळाटाळ वाक्यात कशी उतरते ते बघा. 'याचा गांभीर्याने विचार होणे गरजेचे आहे.' कोणी करायचा विचार? तुम्ही लिहायला बसलात तेव्हा तो तुम्हीच करायचा होता की! 'असे म्हणता येईल.' मग म्हणा ना. 'असे म्हटल्यास वावगे ठरू नये.' मराठीत कर्ता गाळायची मोठी सोय आहे. सरकारी पत्रात 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी' लिहिलं की कार्यवाही कोणाच्याच अंगावर पडत नाही. तीच सोय आपण विचारात वापरतो. मत मांडल्यासारखं दिसतं, पण उद्या कोणी विचारायला आलं तर घरी कोणीच नसतं.

माझे विद्यार्थी मला विचारायचे, भूमिका आहे की नाही हे ओळखायचं कसं? मी एक साधी कसोटी सांगायचो. तुमचं मुख्य वाक्य घ्या, त्यात 'नाही' घाला, आणि बघा, तसं म्हणणारा एखादा शहाणा माणूस जगात सापडेल का. 'शिक्षण महत्त्वाचे आहे.' नाही घाला. शिक्षण महत्त्वाचे नाही, असं म्हणणारा सापडत नाही. म्हणजे तुम्ही काही बोललाच नाहीत. 'दहावीपर्यंत सगळे विषय मातृभाषेतूनच शिकवले पाहिजेत.' याला नाही म्हणणारे शंभर सापडतील, त्यांतले निम्मे शहाणे असतील, आणि काहींची मुलं तुमच्याच मुलांबरोबर खेळत असतील. आता तुम्हाला लिहायला काम मिळालं.

आणि तुम्ही म्हणाल, हे सगळं पाश्चात्त्य निबंधाचं शास्त्र आहे. मुळीच नाही. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. वर्गात शिकवायचं ते डोंगराचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. त्या डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुरानं युक्त, हा उपनय. म्हणून तिथे अग्नी आहे, हे निगमन. क्रम बघा. प्रतिज्ञा पहिली आहे. आपण लेखात उलटं करतो. आधी धूर, मग धुराचा इतिहास, मग धुराविषयी विविध विचारवंतांची मतं, आणि शेवटच्या ओळीत दबक्या आवाजात, कदाचित आग असावी. (हशा)

काही पंडितांनी आक्षेप घेतला होता की प्रतिज्ञा आणि निगमन एकच तर आहेत, दोनदा कशाला? वाक्य एकच आहे, हे खरं. पण पहिल्यांदा ते उघडं असतं, दुसऱ्यांदा अंगावर पुरावा घालून येतं. वाचकाला पहिलं उघडं वाक्य दिलं, तरच तो पुढची कारणं तपासत येतो. नाहीतर तो नुसता तुमच्याबरोबर फिरत राहतो.

याच शास्त्रानं वादाचे तीन प्रकार केले : वाद, जल्प आणि वितंडा. वितंडा हा शब्द आपण आज भांडखोरपणा या अर्थानं वापरतो, मूळ अर्थ त्याहून टोकदार आहे. समोरच्याचं फक्त खोडायचं, स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही, ती वितंडा. आजचं निम्मं वैचारिक लेखन वाचताना मला हा शब्द आठवतो. अमुक चूक, तमुक चूक, हेही ढोंगी, तेही ढोंगी. बरं, तुमचं काय? तिथे कागद संपलेला असतो. वाचकांना अशा लेखकाचा फार दरारा वाटतो. पण त्यानं काही पणाला लावलेलंच नसतं, त्यामुळे तो कधी हरत नाही, एवढंच.

आता मराठीकडे येऊ. माझ्या मते मराठी गद्यात प्रतिज्ञा आधी मांडणारा सर्वांत नेटका माणूस म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभूला जन्म, १८९५ साली मृत्यू. म्हणजे चाळिशीही गाठली नाही. १८८१ पासून ते 'केसरी'चे संपादक. कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, त्यावर पुस्तक लिहिलं. मग सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद वाढत गेले, १८८७ मध्ये केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात 'सुधारक' काढला. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण लेखनाच्या दृष्टीनं यातली गोष्ट लक्षात घ्या : ज्या पत्रात आपलं वाक्य पूर्ण करता येत नाही, तिथून हा माणूस उठला.

त्यांच्या लेखांची शीर्षकं बघा. 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत'. हे शीर्षक आहे! कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे, आणि वर 'पाहिजेत' आहे. आजच्या संपादकाच्या हातात हा लेख पडला तर तो शीर्षक करील 'स्त्रियांचा पोशाख : काही विचार', किंवा 'वस्त्र, स्त्री आणि समाज'. (हशा) तीन नामं आणि मध्ये एक 'आणि', झालं शीर्षक. आगरकरांचं शीर्षक वाचूनच पुण्यातला एक वाचक चवताळून उठला असेल, दुसरा मनातून खूश झाला असेल, पण दोघांनाही लेख पुढे वाचणं भाग होतं. दुसरं शीर्षक घ्या, 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार'. इथे क्रियापद नाही, पण निकाल शीर्षकातच दिलाय. आणि 'आमचे' या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. तो 'त्यांचे' म्हणत नाही.

गंमत म्हणजे याच आगरकरांनी वाक्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलंय, 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण'. उद्देश्य, विधेय, कोणता शब्द कशावर अवलंबून, याचा विचार करणारा माणूस समाजाबद्दल लिहायला लागतो तेव्हा त्याच्या वाक्यातला कर्ता हरवत नाही. मिल आणि स्पेन्सर त्यांनी वाचले होते, हे सगळे सांगतात. व्याकरणही त्यांनी तितक्याच मनापासून केलं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

किंमत काय पडली, ती तुम्हाला ठाऊक आहे. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. पण तेवढ्यानं मी त्यांना थोर लेखक म्हणणार नाही. छळ झाला म्हणून लेखन चांगलं ठरत नाही, ही आपली एक भाबडी समजूत आहे. लेखन चांगलं आहे ते वेगळ्या कारणानं. १८९१ चं संमतिवयाचं प्रकरण घ्या. बंगालमध्ये फुलमणी दासी ही लहान मुलगी नवऱ्याकडून झालेल्या शरीरसंबंधात मेली, त्यानंतर संमतीचं वय १० वरून १२ करणारा कायदा आला. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारनं कायद्यानं आमच्या धर्मात हात घालू नये. आगरकरांचं म्हणणं, मुलीचा जीव वाचवायला कायदा लागत असेल तर तो व्हायला हवा. दोन्ही भूमिका स्पष्ट. मी आगरकरांच्या बाजूचा आहे, ते लपवत नाही. पण लेखन शिकायचं असेल तर दोघांनाही समोरासमोर ठेवून वाचा. दोघेही एकमेकांचं म्हणणं समजून नाही म्हणतात. म्हणूनच १३० वर्षांनंतरही तो वाद आपल्याला वाद म्हणून वाचता येतो.

आगरकरांची एक मर्यादाही सांगतो, नाहीतर मीच परीक्षणकार व्हायचो. त्यांच्या लेखनातला 'आमचा समाज' बराचसा शहरातला, शिकलेला, वरच्या जातींचा आहे. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ सालची. ज्या माणसांबद्दल ती आहे, ती माणसं आगरकरांच्या निबंधांच्या मध्यभागी क्वचितच येतात. प्रतिज्ञा स्पष्ट असली तरी तिचा परीघ कोणी आखला, हे विचारावं लागतंच.

आता ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या. १८८२ सालचं 'स्त्री-पुरुष तुलना'. सुरतेतल्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर शिंतोडे उडाले, त्यावर ताराबाईंनी लेखणी उचलली. मला सांगा, 'तुलना' या शब्दावरून काय वाटतं? तराजू. दोन पारडी. थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि आत काय आहे? स्त्रियांवर परंपरेनं लादलेले दोष ताराबाई एकेक करून उचलतात आणि विचारतात, हा तुमच्यात नाही का? आमच्यात आहे असं क्षणभर धरलं, तरी तुमच्यात दसपट नाही का? तुलना पूर्ण होते, आणि तराजूचा काटा एका बाजूला जातो, कारण वजनच तिकडे आहे. 'संतुलित' लिहा म्हणून सल्ला देणारे विसरतात की तराजू वापरायचा तो कोणतं पारडं खाली जातं ते बघायला. काटा मध्ये रहावा म्हणून बोटानं धरून ठेवायला तो नसतो. वाण्यानं असं केलं तर आपण त्याला काय म्हणतो?

ताराबाईंची भाषा घरातली, ओसरीवरची, संतापलेली. वाक्यं कुठे कुठे धावतात, एकमेकांत शिरतात. आगरकरांचा नेटकेपणा तिथे नाही. पण 'तुला म्हणायचंय काय' हा प्रश्न ताराबाईंना कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही. त्यांचं ऐकलं कितीजणांनी, हा भाग वेगळा. फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, आणि मग पुस्तक जवळजवळ शंभर वर्षं विस्मृतीत गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणेपर्यंत. स्पष्ट लिहिलं की परिणाम होतोच, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग चिपळूणकर? 'निबंधमाला', १८७४ पासून. विष्णुशास्त्र्यांइतका ठणठणीत बोलणारा कोण? खरंय. मराठी गद्याला त्यांनी जोम दिला, ते ऋण आहेच. पण लोकहितवादी आणि जोतीराव यांच्यावर त्यांनी जे लिहिलं ते वाचताना मला दर वेळी वाटतं, हा माणूस समोरच्याच्या व्याकरणावर हसतो आणि पुढे जातो. जोतीरावांचा प्रश्न होता, हजारो वर्षं एका वर्गाला विद्या का नाकारली? त्याचं उत्तर शब्दांची चूक दाखवून मिळत नाही. भूमिका ठाम आहे, पूर्वपक्ष नाही. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांना प्रधानमल्ल म्हणतात, मुख्य पैलवान. त्याला चीत केला की बाकीचे आपोआप पडले. विष्णुशास्त्र्यांच्या कुस्त्या बरेचदा पैलवानाच्या फेट्याशी झाल्या.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. लाहोरच्या जातपाततोडक मंडळानं त्यांना १९३६ मध्ये अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. छापील भाषण आधी वाचून मंडळाला त्यातला काही मजकूर झेपेना. बदला म्हणाले. यांनी कळवलं, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. भाषण झालंच नाही, बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा आंबेडकरांनी गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली, आणि मग तिला उत्तर दिलं. स्वल्पविराम न बदलणारा माणूस प्रतिपक्षाला आपल्या घरात पानं देतो! वाचकाला म्हणतो, हे त्यांचं, हे माझं, तूच बघ. भूमिका आणि दुराग्रह यांतला फरक मला कोणी विचारला तर मी व्याख्या सांगत बसत नाही, ही दुसरी आवृत्ती हातात देतो.

आता एक माझं सांगतो. सांगायचं की नाही, याचा दोन दिवस विचार केला.

मी चाळिशीत असताना एका संस्थेनं आम्हा तिघांची समिती नेमली. तिथल्या एका तरुण प्राध्यापकानं संस्थेच्या कारभारावर एक लेख लिहिला होता. त्याला ठेवायचं की काढायचं, यावर आमचं मत हवं होतं. लेख मी वाचला. त्यातलं सगळं खरं होतं, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. अहवालाचा मसुदा माझ्याकडे आला, कारण माझी भाषा चांगली. मी तीन पानं लिहिली. एकीकडे अध्यापकाचं स्वातंत्र्य, दुसरीकडे संस्थेची प्रतिष्ठा. एका अर्थानं लेखातील प्रश्न उचित, तथापि मांडणीत संयम अपेक्षित. उभय पक्षांनी सामंजस्यानं विचार करणं हितावह. अजून पाठ आहे मला. बाकीच्या दोघांनी कौतुक करून सह्या केल्या. संस्थेनं 'तथापि'पासून पुढचं वाक्य उचललं, पत्रात अवतरणचिन्हांत टाकलं आणि त्याला घरी पाठवलं. अवतरणचिन्हांतलं वाक्य माझं होतं.

पुष्कळ वर्षांनी तो मला एका स्टेशनवर भेटला. चहा पाजला. नाराजी अशी काही नाही. गाडी आली तेव्हा म्हणाला, "सर, तुमचा अहवाल मी वाचला होता. फार संतुलित होता."

मी त्याला त्या वेळीही काही बोललो नाही.

(श्रोत्यांकडून प्रश्न)

हो, मागून आवाज येतोय, जरा मोठ्यानं... 'नागार्जुन तर म्हणतो की माझी प्रतिज्ञाच नाही, त्याचं काय?' छान. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. 'विग्रहव्यावर्तनी'त तो तसं म्हणतो, आणि म्हणूनच नैयायिक त्याला वैतंडिक म्हणायचे. पण त्याचं लेखन उघडून बघा. तो काय करतोय हे तो पहिल्यापासून सांगतो, प्रतिपक्षाचा आक्षेप नीट मांडतो, आणि प्रतिज्ञा का नाही याची कारणं देतो. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' म्हणून तो सभेतून सटकत नाही. जैनांच्या स्याद्वादाचंही असंच झालंय. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' असं धरून लोक त्याच्या आड लपतात. स्यात् म्हणजे अमुक एका दृष्टीनं. मग ती दृष्टी कोणती, ते सांगावं लागतं. अनेकान्त हे कुंपणावर बसायचं आसन नाही.

दुसरा प्रश्न चिठ्ठीवर आलाय : 'मला खरोखरच निर्णय होत नसेल तर?' तर तसं लिहा, पण कर्त्यासकट लिहा. 'या पुराव्यावर मला निर्णय करता येत नाही, कारण अमुक माहिती मिळत नाही, आणि ती मिळाली तर मी या बाजूला जाईन.' हे वाक्यही खोटं ठरू शकतं, म्हणजे कसोटीला उतरलं. मीमांसक तर अधिकरणात संशय हा स्वतंत्र टप्पाच मानतात. आधी नेमका संशय मांडायचा, मगच पुढे. तुमचा संशय त्यांच्याइतका नेमका असेल तर मला काही तक्रार नाही.

आणि ती जिन्यातली मुलगी आज आलीय का?... आहे, आहे. तुमचा नवा लेख मला पाठवा, पण शीर्षकाच्या जागी पूर्ण वाक्य पाहिजे, क्रियापदासकट. आवडलं नाही तर मी भांडेन. पुढच्या वेळी जल्प आणि वितंडा यांवर सविस्तर बोलू. वेळ झाली, खालचा वॉचमन दिवे घालवायला लागलाय.